वजा दोन इंच

सोमवार, ३ नोव्हेंबर

मागच्या मंगळवारी लिहिलं ते चूक आहे. खोडत नाही — खोडलं की खाली काय होतं ते कळत नाही — इथेच दुरुस्त करते. नव्या घरातल्या छोट्या खोलीची आखूड भिंत सत्तेचाळीस इंच नाही. एकोणपन्नास आहे. आत्याचं कपाट अठ्ठेचाळीस इंच रुंद. म्हणजे ते बसतं! एक इंच उरवून बसतं!

आज स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी कंपनीचा माप घेणारा येणार होता म्हणून मी किल्ली घेऊन नव्या घरी गेले होते. त्याने हातासरशी सगळ्याच भिंती मोजल्या आणि कागद माझ्याकडे दिला. छोटी खोली — एकोणपन्नास. म्हटलं, "चुकलात तुम्ही." तो म्हणाला, "मग ताई, तुम्हीच मोजा ना." मोजलं. त्याच्याच स्टीलच्या टेपने. एकोणपन्नास. आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, "वजा दोन."

"वजा कशाला?" त्याने विचारलं.

तिथेच कळलं मला.

आत्याची मापाची फीत दोनपासून सुरू होते. पहिले दोन इंच विरून दोरे लोंबायला लागले, तेव्हा तिने कात्रीने कापून टाकले. माझ्या आठवणीच्या आधीची गोष्ट. नवी फीत काही आणली नाही. "दोनच तर वजा करायचेत!" आमच्या घरात मोजणं म्हणजे मोजून दोन वजा करणं. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं. आत्यानेच शिकवलं — अक्षरं, पाढे, सगळं, शिवणाच्या मशीनजवळ बसवून. पहिली वजाबाकी मी त्या फितीवर शिकले. उशी मोज, वजा दोन. टेबल मोज, वजा दोन. दादाचा पाय मोज, वजा दोन. तो लाथ मारायचा.

कपाट मी फितीने मोजलं होतं. पन्नास, वजा दोन. बरोबर. भिंत मोजली दादाच्या नव्या टेपने, जी सरळ शून्यापासून सुरू होते. तिच्यातूनही दोन वजा केले! टेपचं दुसरं टोक धरायला आत्या होती. दादा दारात फोन बघत उभा होता. कुणाला काही कळलं नाही.

आणि मी चष्म्याच्या दुकानात काम करते! लोकांच्या बुबुळांमधलं अंतर मोजते! तिथे कधी वजा केलेलं नाही. (तिथे मिलिमीटर असतात. ही सबब नाही, नुसतं लिहून ठेवते.)

हे एवढं का लागलं मनाला तेही लिहायला हवं. हे घर मालकाला परत द्यायचं आहे. तीस तारखेला आम्ही चौघं — दादा, वहिनी, आत्या, मी — नव्या, लहान घरात जाणार होतो. दादा म्हणाला होता, "कपाट बसलं तर ती छोटी खोली आत्याची. नाही बसलं तर दुसरं काहीतरी बघू. कपाटाशिवाय ती राहायची नाही." आणि मोजायला मला सांगितलं. "इंचपट्टीचं माप चुकत नाही." इंचपट्टी म्हणजे मी. मी सांगितलं, एका इंचाने हुकतं. दादाने मान हलवली, "मापापुढे कोण काय बोलणार!" दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या ज्येष्ठांच्या निवासात आत्याचं नाव घातलं. आणि मी आणि वहिनी घरी नसताना कपाट बघायला जुन्या फर्निचरचा दुकानदार येऊन फोटो काढून गेला.

माझ्या दोन इंचांनी आत्याला घराबाहेर काढलं.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

सांगितलं नाही. सकाळी दादा घाईत होता, संध्याकाळी दमलेला होता. मधल्या वेळात मी भित्री होते.


बुधवार, ५ नोव्हेंबर

सांगितलं गेलं. मी सांगितलं असं म्हणणं खोटं होईल.

दुपारी वहिनीबरोबर जुन्या फर्निचरच्या दुकानात गेले. नव्या घरात बैठकीच्या खोलीत तिला एकच पण उठून दिसणारं कपाट हवं आहे. मला बरोबर का नेतात तर मी खणांचे तळ ठोकून बघते, दारं वाकली आहेत का बघते, आत नाक घालून वास घेते. वहिनी रंग बघते.

दुकानदार बोलका. "अँटिक म्हणजे शंभरी ओलांडलेलं. व्हिंटेज म्हणजे त्याच्या अलीकडचं, पण तुमच्या लग्नाच्या आधीचं. आणि हे इकडच्या रांगेतलं गेल्या महिन्यातलं."

"पण हे तर सगळ्यात जुनं दिसतंय!" वहिनी म्हणाली.

"दिसणारच! साखळीने बडवतात त्याला. मग चहाचं पाणी चोपडतात. किडीची भोकं खिळ्याने पाडतात. खरी कीड दाखवली की लोक पळतात वहिनीसाहेब, खोटी मात्र मागून घेतात."

वहिनी मनापासून हसली. ती हसली की चांगली दिसते. तेव्हाच सांगायचं मी ठरवत होते — बाहेर पडल्यावर, चालता चालता. एका हिरव्या कपाटापाशी ती घुटमळली. जाळीची दारं, तळाशी दोन खण. मी खण ओढला तर अर्ध्यात अडकला. विचारलं, "आधी सांग, यात ठेवणार काय?" ती म्हणाली, "तू अगदी आत्यांसारखी बोलतेस."

मग दुकानदार म्हणाला, "थांबा. एक अस्सल येतंय माझ्याकडे. अजून घरातून उचललेलं नाही. अँटिकला थोडं कमी पडेल, पण चार-दोन वर्षं आम्ही देवाघरची धरतो." आणि फोनवर फोटो दाखवला.

आत्याचं कपाट! चादर काढलेली, वरची गाठोडी उतरवलेली, समोरून ऊन पडलेलं. वरची नक्षी, मधली आरशाची पट्टी. मी स्वतः त्याला असं उघडं कधी पाहिलं नव्हतं. वहिनीने तर नाहीच. ती आत्याच्या खोलीत दारातूनच बोलते.

"अय्या!" वहिनी म्हणाली. "हे बघ ना! आणि किल्लीच्या भोकावर बटण लावलंय, कोटाचं! निळं! किती गोड. कुणाला सुचतं असं काही?"

"आत्याला," मी म्हटलं.

फोटो तिने पुन्हा बघितला. मोठा करून बघितला. दुकानदार एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. "म्हणजे ते साहेब..." "माझे मिस्टर," वहिनी म्हणाली. मग तिघंही त्या हिरव्या कपाटाकडे बघत उभे राहिलो.

रस्त्यात ती आधी भराभर पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "पण ते बसत नाही ना? तूच म्हणालीस."

"बसतं. मी चुकले."

दोन इंचांची सगळी हकीकत सांगितली. ती रस्त्यातच थांबली. माझा हात धरून म्हणाली, "वेडाबाई! मग आधी का नाही सांगितलंस?"

इतकं हलकं वाटलं!


गुरुवार, ६ नोव्हेंबर

दादा जोरात हसला. "इंचपट्टी चुकली! लिहून ठेवा रे कुणीतरी!" फर्निचरवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगून टाकलं. कपाट राहणार! जेवताना मी दोनदा वाढून घेतलं. आत्या नुसती माझ्याकडे बघत होती. तिला अजून खरं वाटत नसेल.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे.

संध्याकाळी वहिनी कागदावर छोट्या खोलीचं चित्र काढत बसली होती. आखूड भिंतीला कपाट. खिडकीखाली टेबल, तिचा संगणक. समोर आरामखुर्ची. म्हटलं, "पलंग राहिला."

वहिनी खुर्चीची रेघ गिरवत राहिली.

"आत्याचा पलंग," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "ते तर ठरलंय ना."

"ते ठरलं मापामुळे."

"माप हे एक कारण होतं."

"दुसरं कुठलं?"

तो वहिनीकडे बघायला लागला. वहिनीने पेन्सिल खाली ठेवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दोन वर्षं मी जेवणाच्या टेबलावर बसून काम करते आहे. पाठीमागे मशीन चालू. समोरचे लोक विचारतात, तुमच्याकडे बांधकाम चाललंय का? मला एक खोली हवी, जिचं दार लावता येईल. एक. हे मागणं जास्त आहे का? तू सांग."

जास्त नाही. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. हेच तर वाईट आहे. ओरडायला समोर कुणी वाईट माणूसच नाही.

"मग आत्या माझ्या खोलीत," मी म्हटलं.

"तुला खोली कुठे आहे?" दादा म्हणाला. खरंच. मी बैठकीतल्या दिवाणावर झोपणार आहे. ते मीच मोजून ठरवलं होतं.

"आणि तिथे चांगली काळजी घेतात ग," दादा म्हणाला. "तिच्या वयाच्या बायका आहेत. बोलायला माणसं आहेत."

"इथे नाहीत?"

तो उठून हात धुवायला गेला.

म्हणजे झालं असं — मी चूक दुरुस्त केली आणि कपाटाला जागा मिळाली. आत्याला नाही.


रविवार, ९ नोव्हेंबर

आज आत्याबरोबर कपाट रिकामं केलं. त्याला पॉलिश करायचं आहे, वहिनीने माणूस ठरवलाय.

खालच्या कप्प्यात कापडाचे तुकडे. मधल्यात धागे, बटणांच्या बरण्या, अस्तरं, बिनजोडीचे हुक. सगळ्यात वरच्या कप्प्याला लहानपणापासून एकच नाव — 'राहू दे'. कशाचं काय करायचं हे न कळलं की आत्या म्हणायची, राहू दे, आणि ती वस्तू वर जायची. तिथे माझी पाटी सापडली. दादाचा एकच मोजा. हँडल तुटलेली कात्री. आईच्या हिरव्या साडीचा काठ; साडी कधीच विरली. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मी विचारत होते, "हे?" आणि आत्या म्हणत होती, "टाक." एकदाही 'राहू दे' म्हणाली नाही.

पाटी मी टाकली नाही. माझ्या पिशवीत ठेवली.

मग न राहवून सांगितलं सगळं. "आत्या, माझ्यामुळे झालं. मी दोनदा वजा केलं."

"माहीत आहे मला."

"दादाने सांगितलं?"

"दादा कशाला सांगेल? टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं की. भिंतीला टेकवलेलं शून्य माझ्या बोटाखाली होतं. तू आधी एकोणपन्नास पुटपुटलीस आणि मग मोठ्याने सत्तेचाळीस म्हणालीस."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

ती एक सुटलेलं रीळ गुंडाळत होती. "मी तुझ्या दादाकडे बघत होते. घट्ट झालेल्या सदऱ्याची बाजूची शिवण उसवली की माणूस कसा श्वास सोडतो? तू सत्तेचाळीस म्हणालीस आणि त्याने तसा श्वास सोडला. मला शिवणकाम कळतं बाई. घट्ट कुठे होतंय ते कळतं."

"पण—"

"आज ना उद्या त्याला म्हणावंच लागलं असतं. जड गेलं असतं पोराला. त्यापेक्षा तुझ्या तोंडून आलं ते बरं. तुझ्या तोंडून म्हणजे निदान चुकून आलं."

मला रडू आलं. ती म्हणाली, "आता अस्तरावर नको रडूस, डाग पडतो." मग थोड्या वेळाने, "आणि दुरुस्त कशाला करायला गेलीस ग?"

"चूक होतं म्हणून."

"तेही खरंच," आत्या म्हणाली. "मीच शिकवलं."


सोमवार, १० नोव्हेंबर

पाटीच्या लाकडी चौकटीवर आत्याने आखलेल्या इंचांच्या खुणा आहेत. तिथेही दोनपासूनच सुरुवात.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

आधुनिक कपाटांच्या शोरूममध्ये. पांढरा उजेड, सगळं गुळगुळीत, कशालाच कडी नाही. विक्रेत्या मुलीने दार ढकलून सोडून दिलं. ते हळूहळू आपोआप मिटत गेलं आणि अगदी शेवटी कणभर थांबून बंद झालं. "आवाज अजिबात नाही, मॅडम. घरात कुणाला कळतही नाही."

आमच्या घरात हे तंत्र आधीपासून आहे.

वहिनीने मला विचारलं, "राखाडी की पांढरं?" मी म्हटलं, राखाडी, डाग दिसत नाहीत. मग वाटलं, डाग दिसलेलेच बरे, आणि म्हटलं, पांढरं. मग पुन्हा राखाडी. विक्रेती मुलगी कंटाळली. शेवटी वहिनीनेच राखाडी ठरवलं. स्वयंपाकघराला राखाडी आधुनिक, बैठकीला ते हिरवं जाळीवालं व्हिंटेज (खण अडकतो तरीही), आणि छोट्या खोलीत अँटिक. तिन्ही प्रकार झाले. घर छान दिसणार आहे. खोटं कशाला लिहू, मला डोळ्यांपुढे दिसतं आणि छान दिसतं.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुकानात एकाच बाईचं माप चार वेळा घेतलं. ती उठून गेली.


शनिवार, १५ नोव्हेंबर

निवास बघायला गेलो — दादा, आत्या, मी. वहिनीला काम होतं. की तिला येववलं नाही? मला माहीत नाही. माहीत नसताना लिहू नये.

जागा वाईट नाही. स्वच्छ आहे. मोठी खिडकी, बाहेर झाडं, एका खोलीत दोन पलंग. दुसऱ्या पलंगावरच्या आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. व्यवस्था बघणाऱ्या बाई नम्र होत्या. प्रत्येक वाक्यात 'आजी' म्हणायच्या. "आजी, इकडे बाथरूम. आजी, ही घंटा. आजी, हे तुमचं कपाट."

पत्र्याचं, पलंगाच्या उशाशी उभं केलेलं. रंग कशासारखा ते सांगता येत नाही.

"मशीन ठेवता येईल?" मी विचारलं. "हातशिवणाचं ठेवा हवं तर," त्या म्हणाल्या. "मशीनचा आवाज होतो ना. बाकीच्या आजींना त्रास." बरोबर आहे. सगळीकडे सगळ्यांचं बरोबर आहे.

दादा खिडकी उघडझाप करून बघत होता. तीच खिडकी पुन्हा पुन्हा. "हवा छान येते ग आत्या."

आत्याने पिशवीतून फीत काढली. वाकून कपाटाची रुंदी मोजली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. कडेला आकडा आला अठरा.

"अठरा," आत्या म्हणाली. "पुष्कळ झालं. पुरेल."

आणि फीत गुंडाळली.

तिने वजा केलं नाही. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा तिने वजा केलं नाही! दादाला समजायचं कारण नव्हतं, तो म्हणाला, "बघ, पुरेल म्हणतेय." ती माझ्याकडे न बघता दाराकडे चालत गेली. मी म्हणायला हवं होतं, सोळा. माझ्या ओठांवर होतं. मी म्हटलं नाही. एकदा दुरुस्त करून बघितलंय मी.

घरी आल्यावर फीत माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. तिथे मोजायचं काय?"


रविवार, १६ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. सामान बांधते आहे. खोक्यांवर नावं घालते आहे. आत्याचं एकच खोकं.


बुधवार, १९ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानाचे मालक — मी त्यांना काका म्हणते — आज शेवटी बोललेच.

"अगं, समोर माणूस बसलाय, भिंत नाही. किती वेळा मोजशील?"

"चुकलं तर?"

"चुकलं तर चष्मा परत येतो. मी शिव्या देतो. पुन्हा करून देतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. तुला झालंय काय?"

सांगितलं. सगळं नाही, थोडं. म्हणजे जवळजवळ सगळंच. ते काच पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "आज गिऱ्हाईकांना हात लावू नकोस. हात एवढे शिवशिवताहेत तर वर जा आणि खोली आवर. मेलेल्या फ्रेमांचं गोदाम झालंय नुसतं."

दुकानावरच्या त्या खोलीत मी कधी गेले नव्हते. जिना अरुंद, मध्ये एक वळण, तिथे खांदा भिंतीला घासतो. वर खोक्यांवर खोकी. ती बाजूला करत गेले तशी खोली निघत गेली. कोपऱ्यात मोरी, ओटा, पाण्याचा नळ. नळ सोडला, खोकला आणि पाणी आलं. रस्त्याकडे खिडकी. उजेड चांगला, उत्तरेचा. आत्या म्हणते तसा, सुईत दोरा ओवता येईल असा.

खाली आल्यावर विचारलं, "वर कुणी राहायचं का पूर्वी?"

"घड्याळवाला होता एक. वीस वर्षं. गेला मुलाकडे. नंतर ठेवलं नाही कुणाला. भाडेकरू म्हणजे जिना उतरून रोज एक तक्रार!"

मी काही म्हटलं नाही. कशाला म्हणू? दादाला काय तोंड दाखवू? आणि आत्याची औषधं, आणि मी दिवसभर दुकानात, आणि दमा पुन्हा उठला तर कोण कुणाला बघणार? दहा गोष्टी. दहाही खऱ्या.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कपाटाला पॉलिश झालं. चमकतं. पॉलिशवाला म्हणत होता, बटण काढून पितळी चकती बसवतो, शोभेल. वहिनी जवळजवळ ओरडली, "बटणाला हात लावायचा नाही! तेच तर खरं आहे त्यातलं!" मग मैत्रिणीला फोनवर दाखवलं. "हे बघ ना, आमच्या आत्यांनी लावलंय. हो ग, स्वतःच्या हाताने. त्यांचा जीव आहे या कपाटात."

आत्या पलीकडच्या खोलीत मशीनला तेल देत होती. ते विकायचं आहे. दार उघडं होतं.

नंतर वहिनी आत आली आणि आत्याला म्हणाली, "आत्या, तुम्हाला कधीही बघावंसं वाटलं तर या हं. तुमचंच आहे." तिचे डोळे भरले होते. खरोखर भरले होते, मी बघितलं.

"येईन की," आत्या म्हणाली. "दार जोरात लावू नकोस मात्र, डावीकडची बिजागरी सैल आहे." मग मशीनवर कापड फिरवत, कुणालाच उद्देशून नाही असं, "कपाटाचं काय एवढं! लाकूड ते. मी तर घडी घालून कुठेही मावते."

दादा पेपर वाचत होता. पान उलटलं नाही कितीतरी वेळ.


रविवार, २३ नोव्हेंबर

काकांकडून किल्ली घेऊन वरची खोली मोजली. आधी स्टीलच्या टेपने, काही वजा न करता. मग फितीने, दोन वजा करून. आकडे जुळले.

कपाट जात नाही. जिन्याच्या वळणावरच अडेल. एका इंचाने नाही, चांगलं हातभर हुकतं. तिथे ते कधीही, कसंही बसणार नाही.

मशीन जातं. दोन पलंग बसतात. आत्या बसते.

खोली भाड्याने मागितली तर काकांनी एवढंच विचारलं, "मशीनचा आवाज होईल?" म्हटलं, "होईल." "होऊ दे. घड्याळवाल्याची टिकटिक ऐकलीच की वीस वर्षं."

आत्याला आधी विचारणार नाही. विचारलं की ती स्वतःलाच वजा करते. शनिवारी, २९ नोव्हेंबरला, निवासाची गाडी दहाला येणार आहे. मी हमालांना आठला बोलावलं आहे.